सम्या, तू विचारलेल्या भोकाबद्दल

सम्या,

परवा फोनवर तू विचारलंस की इलेक्ट्रॉन एवढासा, तो भोक काय पाडणार, आणि नेमकं तेव्हाच कांजूर स्टेशन आलं, त्या गर्दीत कोण बोलणार, म्हणून आज नीट लिहितो, म्हणजे डीएनए जाण्याइतकं, काही नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) भोक आम्ही पातळ पडद्यात इलेक्ट्रॉनच्या झोताने कसं पाडतो ते.

आमचा पडदा सिलिकॉन नायट्राइडचा. सिलिकॉनची चिप, मधोमध बारीक खिडकी, आणि तीत २०-३० नॅनोमीटर जाडीचा पडदा ताणलेला. चिमट्याचं टोक लागलं की गेला. तो टीईएममध्ये (इलेक्ट्रॉनच्या झोताने बघायच्या सूक्ष्मदर्शकात) घालायचा आणि २०० केव्हीचा (किलोव्होल्टचा) बीम, म्हणजे तो झोत, काही नॅनोमीटरच्या ठिपक्यावर आणून ठेवायचा. इलेक्ट्रॉन हलका खरा, पण एवढ्या वेगात आला की पृष्ठभागावरचे अणू उडवतो, त्यातही नायट्रोजन आधी पळतो. भोक दोन्हीकडून कुरतडलं जातं त्यामुळे आतून डमरूसारखं, मधे निमुळतं होतं.

खरी मजा पुढे आहे. भोक पाडून झाल्यावर बीम जरा पसरवून चालू ठेवलास तर तेच भोक बुजायला लागतं! २००३ ला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या ग्रुपने हे सिलिकॉन ऑक्साइडवर दाखवलं. बीमखाली ऑक्साइड न वितळताच हळूहळू वाहायला लागतं, मग पृष्ठताण ठरवतो काय होणार ते, म्हणजे भोकाचा व्यास साधारण जाडीपेक्षा कमी असेल तर आकसतं, जास्त असेल तर उलट रुंदावत जातं. आणि ज्या बीमने हे चाललंय त्यानेच फोटो पण दिसतो, त्यामुळे स्क्रीनवर बघत बसायचं, हवा तो साइज आला की बीम बंद. डबल हेलिक्स डीएनए साधारण २ नॅनोमीटर रुंद, म्हणून आम्ही त्याच्या थोडं वर थांबतो. मग पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोटॅशियम क्लोराइडचं पाणी, व्होल्टेज, आणि डीएनए भोकात शिरला की वाट अडते आणि करंट खाली पडतो. बस, हेच मोजायचं.

वैताग एकच, कार्बन. सॅम्पलवर जरा जरी तेलकट काही असलं की बीम तिथेच कार्बन जमवतो आणि भोक आकसतंय म्हणून आपण खूष, प्रत्यक्षात ती घाण असते. म्हणून आधी प्लाझ्मा क्लीनिंग (विद्युतभारित वायूने घाण काढणं), त्यात कंटाळा करायचा नाही.

हल्ली बरेच जण मिठाच्या पाण्यातच पडद्याला जास्त व्होल्टेज देऊन भोक पाडतात, टीईएमचा स्लॉट नको, खर्च कमी. सोपं आहे, मान्य, पण त्यात भोक डोळ्याने दिसत नाही रे, नुसता करंट बघून साइजचा हिशेब लावायचा. मला नाही पटत.

गणपतीला येतोयस ना? एक दिवस जास्त काढ, मशीन दाखवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या
पवई, मुंबई