टेम्पोत न बसलेली ज्योत

वहिनी, सादर नमस्कार.

समोर बोलायला गेलो की तुम्ही विषय बदलता, चहा ठेवता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्या गावाला वाचता येईल असं लिहितोय.

गेल्या वर्षीची १९ फेब्रुवारी, शिवजयंती. रायगडावरून पळत आणायची शिवज्योत घेऊन आम्ही वेशीत आलो. हलगी कडकडत होती, बायकांनी आमच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. त्या गर्दीतून तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "भाऊजी, ज्योत टेम्पोतून किती किलोमीटर आली?"

गावात दुसऱ्या कुणी हे विचारलं नव्हतं. मी खरं सांगितलं. शंभराच्या वर. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागलो आणि चार जणांच्या पोटऱ्यांत गोळे आले. उरलेल्यांनी ओढून ओढून महाबळेश्वर गाठलं. पुढे ज्योत टेम्पोत बसली ती साताऱ्याच्याही पुढे. तिथं आम्ही उतरलो आणि शेवटी पळत वेशीत शिरलो. अंगावर फुलं पडत होती आणि मला मान वर करवत नव्हती.

तुम्ही रागावला नाहीत. "उद्या सगळ्यांचे बूट घेऊन घरी या," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुमच्या ओसरीवर बुटांची रांग लागली. तुम्ही एकेक बूट उलटा करून तळ बघत होतात. बहुतेकांचे चवडे झिजलेले, टाचा कोऱ्या. "सगळे भरतीवाले," तुम्ही म्हणालात. खरंच होतं ते. आमच्यातली निम्मी पोरं पोलीस भरतीच्या ग्राउंडची तयारी करणारी. सोळाशे मीटर जीव तोडून पळायचं की झालं. तीनशे किलोमीटरची वाट त्या पायांना ठाऊकच नव्हती.

त्या वर्षीच्या दसऱ्यापासून पहाटे पाचला आपण कालव्यावर जमायला लागलो. पहिले तीन आठवडे तुम्ही कुणाला जोरात पळूच दिलं नाहीत. वेग मोजायला घड्याळही लावू दिलं नाहीत. गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, म्हणत पळायला लावलंत. "प्रौढप्रताप पुरंदर"पासून सुरुवात करायची आणि शेवटच्या जयघोषापर्यंत श्वास तुटता कामा नये. तुटला तर वेग जास्त झाला, कमी करा. पोरं कुरकुरली. मीही मनातून कुरकुरलो होतो. पण गारद पाठ असलेल्या पोराला याहून सोपं माप कुणी देऊ शकलं नसतं, आणि ते रात्री घाटातसुद्धा चालतं.

मग तुम्ही वहीत गणित मांडून दाखवलंत. बारा जण, सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस पाळ्या. एकेक किलोमीटर पळायचं, आणि मग टेम्पोत बसायचं. गोळे येतात ते या बसण्यामुळं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तापलेले पाय फाळक्याला टेकवून, घामेजल्या बनियनवर वारा घेत आम्ही बसायचो आणि पुढच्या पाळीला लाकडासारखे उतरायचो. तुम्ही बसायची तालीम घेतलीत. एक किलोमीटर पळा, दोन मिनिटं चाला, कोरडा शर्ट घाला, दोन घोट लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या, कानटोपी चढवा, पाय लांब करून अर्धा तास बसा, परत उठून पळा. असं सकाळभर. बाराजणांच्या दोन तुकड्या केल्यात, सहा-सहा तासांच्या. एक तुकडी पळत असताना दुसरीनं मागच्या गाडीत झोपायचं. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडायचं, मोबाइल तुमच्या पिशवीत.

मशालीचं तर आम्ही काही धरलंच नव्हतं. लोखंडी नळी, वर तेलात भिजलेला कापडाचा बोळा, दोन-अडीच किलो वजन. रिकाम्या हातानं पळणारा पोरगा मशाल घेतली की एका खांद्यानं वाकतो आणि कंबर धरते. तुम्ही वाळू भरलेल्या नळ्या हातात दिल्यात. शंभर पावलांवर हात बदल. वारा कुठून येतो ते आधी बघ, ज्वाला तोंडावर येईल त्या हातात धरू नको. देणाऱ्यानं थांबायचं नाही. घेणाऱ्यानं शेजारून पळत यायचं, खालून धरायचं, "धरली" म्हणायचं, मगच वरच्यानं सोडायचं. हे "धरली" आम्ही इतक्या वेळा म्हटलं की माझी आई घरात दुधाचं पातेलं माझ्या हातात देताना तेच म्हणायला लागली.

रात्रीच्या सरावाचं एक सांगतो, कारण इतर गावांच्या मंडळांनाही त्याचा उपयोग होईल. टेम्पो पाठीमागून दिवे लावून येतो तेव्हा आपलीच सावली पुढे पडते, नेमकी पाऊल टाकायच्या जागी. खड्डा दिसत नाही. आम्ही आधी दोनदा पडलो होतो आणि नशिबाला बोल लावला होता. तुम्ही टेम्पोला थोडा उजवीकडे सरकवलात, एक मोटरसायकल पुढे ठेवलीत आणि सगळ्यांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं घ्यायला लावलीत. वर्गणीतला बॅनरचा पैसा त्या जाकिटांत गेला. बरं झालं.

आणि पोरी. कालव्यावर तुम्ही येता म्हटल्यावर दोन पोरी यायला लागल्या. यादी करताना मंडळात कुजबुज झाली. "गारद न तुटता जे पळतील ते यादीत," एवढं तुम्ही म्हणालात. त्या दोघींची गारद कधीच तुटली नव्हती. त्यांना तुम्ही मोहीच्या ललिता बाबरबद्दल सांगायचात, माण तालुक्यातल्या माळावर पळणारी पोरगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आली ते. तुमचं माहेर त्याच तालुक्यातलं, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा.

यंदा १७ तारखेला पहाटे महाराजांच्या समाधीपाशी ज्योत पेटली. पाचाडला जिजाऊंच्या समाधीला नमस्कार करून निघालो, महाडात चवदार तळ्यापाशी क्षणभर थांबलो, दुपारी पोलादपूर. त्यानंतर तो घाट. जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघून तेराशे मीटरच्या वर चढायचं. तिथं तुम्ही पाळी अर्ध्या किलोमीटरची केलीत आणि "चाललात तरी चालेल, ज्योत थांबू नये" असं सांगितलंत. प्रतापगडाच्या फाट्यावर अंधार पडला. कुणाच्याही पायात गोळा आला नव्हता. महाबळेश्वरच्या थंडीत तीन तास विसावा. मला भीती पसरणी घाटाची नव्हती, उतारच तर आहे असं वाटत होतं. मांड्या उतारावरच फुटतात हे तुमचं म्हणणं तिथं पटलं. लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला, तशा रीतीनं आम्ही पहाटे वाईत उतरलो. कृष्णेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो तेव्हा आमच्यातला गवंडीकाम करणारा पोरगा रडायला लागला. गेल्या खेपेला तो याच ठिकाणी टेम्पोत झोपलेला होता.

सातारा, पुसेगाव, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहिवडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तुमची आई. ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, आणि सगळं माहेर. त्यांनी तुम्हाला ज्योत घ्यायला सांगितलं. सगळेच म्हणायला लागले. मीही म्हणालो. तुम्ही पदर खोचलाही होतात, ते मी पाहिलंय. मग वही उघडलीत, बघितलंत आणि म्हणालात, "नंबर हिचा आहे." आणि धाकट्या पोरीला पुढे केलंत. ती माहेरच्या माणसांमधून पळत गेली तेव्हा तुम्ही ज्योतीकडे बघत नव्हता. तुम्ही तिच्या पावलांकडे बघत होता.

तुम्ही ग्लास गोळा करायला गेलात तेव्हा तुमच्या आईनं मला सांगितलं. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री संघात तुम्ही होतात. लग्नानंतर अकरा वर्षं पळाला नव्हतात. बूट अजून माहेरच्या पेटीत आहेत. चार महिने तुमच्याबरोबर पहाटे उठूनही मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही मात्र मला विचारलं होतंत, त्या १९ तारखेला, गर्दीत.

म्हसवड, मग रात्रभर पंढरपूरचा रस्ता. १९ तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला वेशीत आलो. तेव्हा तुम्ही टेम्पोतच होतात, पाण्याचे कॅन मोजत. फुलं आमच्यावर पडली. ज्योत रायगडापासून वेशीपर्यंत एकदाही गाडीत बसली नाही. हे गावानं ऐकावं, आणि कुणामुळं ते ऐकावं, म्हणून हे पत्र.

काकूंचेही आभार. चार महिने पहाटेची म्हशींची धार त्यांनी एकट्यांनी काढली आणि एकदाही बोलल्या नाहीत.

मंडळाच्या बैठकीत पुढच्या वर्षीची यादी धरली आहे. नावं तेरा आहेत. पहिलं तुमचं आहे, आणि ते तुम्हाला न विचारता लिहिलंय. दहिवडीच्या अलीकडची पाळी कुणाची, तेही वहीत मांडलंय. तुमच्या आईनं पेटीतले बूट उन्हात ठेवले आहेत. धाकटी पोरगी रविवारी एसटीनं जाऊन ते घेऊन येणार आहे. तळ तेवढा तुम्ही बघून घ्या.

तुमचा दीर,
आणि शिवजयंती मंडळातली सगळी पोरं-पोरी