उसाची तोड थांबत नाही, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांनी मध्येच "बरं, ठेव आता" म्हटलं असतं आणि आईनं जेवलीस का विचारलं असतं. म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिलाय आणि तो मंजूरही झालाय. माझं सिनेमा परीक्षणाचं सदर या महिन्याअखेर बंद होईल. दिवाळीनंतर मी करमाळ्याकडे शूटिंगला निघते आहे. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आलीय, आणि मी तिथे नसेन.

शूटिंगची तारीख मला का हलवता येत नाही, हे बाबा, तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. सिनेमातले मोठे प्रसंग उभ्या उसात आहेत. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठचा फड एका शेतकऱ्यानं आम्हाला दिलाय, पण तोड येईपर्यंतच. कारखान्याची टोळी फडात उतरली की आमचं लोकेशन संपलं. त्यांना थांबा म्हणावं तर ऊस वाळून वजन घटणार, म्हणजे नुकसान त्या माणसाचं. तुमचं अख्खं आयुष्य कारखान्याच्या शेतकी खात्यात गेलं. तोडीच्या चिठ्ठीपुढे लोकांची लग्नंबारशी तुम्हीच ऐकून घेतली नाहीत, मग आता लेकीचं गाऱ्हाणं कोण ऐकणार?

आई, तू विचारशील, तिथे हिचं काम काय? कंटिन्युइटी. उमा टॉकीजमध्ये चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन तू जे करायचीस तेच. "मगाशी हिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आता लाल कशा?" असं तू मोठ्यानं म्हणायचीस आणि पुढच्या रांगेतले मागे वळून बघायचे. सिनेमा काही क्रमानं शूट होत नाही. बाई दारातून आत येते ते एका गावात आणि ओट्यापाशी पोचते ती आठवड्यानं दुसऱ्याच घरात. मधल्या काळात कुंकू तेवढंच हवं, केस तेवढेच ओले हवेत, कपातला चहा तेवढाच उरलेला हवा. हे सगळं वहीत टिपून, फोटो काढून सांभाळायचं. त्याचे पैसे मिळतात, तुला खरं वाटणार नाही.

आता सदराचं. गुरुवारी प्रेस शो, शुक्रवारी सिनेमा लागणार, रविवारी मजकूर छापून येणार. अर्धी गोष्ट सांगायची, नायक सहज वावरलाय म्हणायचं, गाणी श्रवणीय म्हणायची आणि शेवटी तीन स्टार. आवाज कसा घेतला, संकलन कुठे घसरलं यावर ओळ लिहिली की तीच जागेअभावी उडते. वर "आपला मराठी सिनेमा आहे, जरा सांभाळून घ्या" असे फोन. त्या फोन करणाऱ्यांचा राग येत नाही, कारण हाल दिसतात. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये दाखवायला सांगितलं, तरी बऱ्याच सिनेमांना मिळतो तो कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराचा खेळ, आणि दुसरा शुक्रवार उजाडायच्या आत सिनेमा उतरतो. पण सांभाळून घेण्यानं भलं होतं हे मला पटत नाही. माझ्या भरवशावर तिकीट काढून फसलेला माणूस पुढच्या चांगल्या सिनेमालाही येत नाही.

बाबा म्हणतील, मग दोन्ही कर की, नोकरी कशाला सोडलीस? ज्यांच्याबरोबर सकाळी सेटवर पोहे खायचे त्यांच्याच सिनेमाला रात्री स्टार द्यायचे, हे मला जमणार नाही. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात बिनपगारी रजा काढून त्या एका सिनेमावर राहिले तेव्हापासून नुसत्या खुर्चीत बसवत नाही. नटांचा आवाज जागेवरच घेत होतो आणि नेमकी शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. शेतीला वीज ठरावीक तास मिळते. त्या तासांत "जरा मोटर बंद ठेवा" म्हणायला कोणत्या तोंडानं जायचं? मीच गेले. त्यांनी दोन वाफे भिजेपर्यंत थांबवलं, चहा दिला, मग बंद केली. पडद्यावर तो प्रसंग फार तर मिनिटभराचा आहे.

पैशाचं आधी सांगायला हवं होतं, मला माहीत आहे. आप्पाकाकांचं नाव घरात निघालं की आई आत निघून जाते, म्हणून एवढंच लिहिते: मी या सिनेमात एक रुपया लावलेला नाही. कागदावर सही करून पगार घेते आहे, आगाऊ रक्कम खात्यात जमा झालीय. पुढचे हप्ते थोडे मागेपुढे होतील, ते धरूनच हिशेब केलाय. फंड मोडलेला नाही. आरोग्याचा विमा स्वतःचा काढलाय. पुण्याची खोली मैत्रिणीबरोबर अर्ध्या भाड्यात ठेवलीय.

१९४८ साली भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा सिनेमा स्टुडिओ जळला आणि कर्ज काढून त्यांनी तो पुन्हा उभा केला, हे तुम्ही आप्पाकाकांना धाक म्हणून सांगायचात. मी पलंगाखाली बसून ऐकायचे आणि मला भालजी भारी वाटायचे, बाबा. आणि १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी पुण्याला गेली तिथेच कोल्हापूरचा घात झाला, हे तुम्ही खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी किती जणांना ऐकवलंत! सायकलच्या दांडीवर मी असायचे आणि पायाला मुंग्या आल्या तरी उतरवा म्हणायचे नाही, कारण नंतर भेळ मिळायची.

राहायची सोय चांगली आहे. आम्ही चार मुली एका घरात, घरमालकीणबाई खालीच राहतात. २०१६ चा 'सैराट' त्याच तालुक्यात झाला, त्यामुळे शूटिंगवाले म्हणजे काय हे तिथल्या लोकांना नव्यानं सांगावं लागत नाही. युनिटचं जेवण तिखट असतं, पण तुझ्या कोल्हापुरी पोटाला कुणी हरवत नाही. रात्रीचं शूटिंग असलं तर गाडी दारापर्यंत सोडते. स्वेटर घेतलाय. तो मरून, तू विणलेला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिंट्या मुक्कामाला येईल आणि चार दिवस राहील. बाबा, त्याला "जा रे, मी बघतो" म्हणून हाकलायचं नाही. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, वाकून बादली उचलायची नाही. थेंबांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून पाठवलंय, फ्रिजवर लावा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली आईकडे. काळा चष्मा घातला की मला फोटो पाठवा, तुम्ही जुन्या सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखे दिसणार आहात.

आई, त्यांचं करताना तुझ्या साखरेच्या गोळ्या चुकवू नकोस. माळ्यावर चढून फराळाचे डबे काढू नकोस, पिंट्या काढेल. शूटिंग आटपलं की मी थेट घरी येते, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मीच असेन. तारीख त्याप्रमाणे घ्यायला डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

उन्हाळ्यातल्या सिनेमाचा पेन ड्राइव्ह पिंट्याबरोबर पाठवते. तो अजून लागलेला नाही, तेव्हा शेजारी कुणाला द्यायचा नाही. बाबांनी महिनाभर थांबायचं, आई, तू लगेच बघ. कंटिन्युइटीबद्दल परीक्षणात कुणी चांगला शब्द लिहीत नाही, चूक सापडली तरच लिहितात. विहिरीच्या प्रसंगात बाईच्या गळ्यातल्या डोरल्याकडे नीट बघ. मला तिथे शंका आहे. काही दिसलं तर रात्री नऊनंतर फोन कर, दिवसा माझा फोन बंद असतो.

तुमची,
मनू

ता. क. बाबा रागावले असतील तर दोन दिवस जाऊ देत, मग हे पत्र पुन्हा वाचून दाखव. पैशाचा भाग आधी वाच.