सुध्या, गडबड त्या दोन पांढऱ्या वायरींची होती

सुध्या,

फोनवर तू "काय रे, विमान पडता पडता राहिलं म्हणे" विचारलंस आणि मी विषय बदलला, कारण ही बाजूलाच उभी होती. पडत वगैरे नव्हतं रे, पण घाम फुटला हे खरं.

माझं आरव्ही-७ तुला माहितीय, ओरेगॉनच्या व्हॅन्सचं किट, पाच वर्षं गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकण्यात गेली. इथे घरी बनवलेल्या विमानाला आधी टेस्टिंगचे तास उडवावे लागतात, माझे ४०. चौदाव्या तासाला पहिल्यांदा ऑटोपायलट लावला. ४५०० फूट, हवा एकदम शांत, अल्टिट्यूड होल्ड (उंची आपोआप धरून ठेवतं ते) दाबलं आणि दोन मिनिटं काय मस्त चाललं, मी हात मांडीवर ठेवून खाली शेतं बघतोय. मग अल्टिमीटर हळूहळू खाली सरकायला लागला, ४४५०, ४४००, आणि स्क्रीनवर सर्व्हो, म्हणजे ऑटोपायलटची स्टिक हलवणारी मोटार, स्लिप होतोय म्हणून पिवळी वॉर्निंग. स्टिकवरचं डिस्कनेक्टचं बटण दाबलं तर नाक असं धाडकन खाली, दोन्ही हातांनी स्टिक ओढून धरली. गंमत म्हणजे त्यानंतर स्टिकवरच्या स्विचने, अंगठ्याने ट्रिम दिला (ट्रिम म्हणजे स्टिकवरचा भार उतरवायची सोय) तर ट्रिम अगदी शहाण्यासारखा वागला, म्हणून माझा त्याच्यावर संशयच गेला नाही!

दोन वीकेंड फुकट गेले. सर्व्होची गेन (किती जोरात प्रतिसाद द्यायचा ते सेटिंग) कमी करून बघितली, सर्व्होला जोडलेल्या पुशरॉडचे बोल्ट हलवून बघितले, सर्व्होच्या वायरिंगमध्ये कॅन बस (उपकरणं एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी) असते तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लागतात, म्हणजे पॉवर बंद करून मीटर लावला की ६० दिसायला हवेत, ते पण ६०च होते.

आता ऑटोट्रिम, म्हणजे ऑटोपायलट स्वतःच देतो तो ट्रिम, कसा चालतो ते सांगतो, तू मोटारीवाला माणूस, लगेच कळेल. पिचचा, म्हणजे नाक वर-खाली करणारा सर्व्हो स्वतः किती जोर लावतोय ते मोजतो, आणि सतत एकाच बाजूला ढकलावं लागतंय असं दिसलं की ट्रिमची छोटी मोटार फिरवून तो भार उतरवतो. ती मोटार उलटी फिरली तर? भार उतरायच्या ऐवजी वाढतो, म्हणून तो आणखी ट्रिम देतो, तो पण उलटाच, शेवटी सर्व्होचा दम संपतो.

मग हँगरमध्येच ऑटोपायलट ऑन केला, स्टिक मागे ओढून धरली, म्हणजे सर्व्हो बिचारा पुढे ढकलतोय, त्याने नाक खाली जायचा ट्रिम द्यायला हवा. नाक खाली म्हणजे एलिव्हेटरच्या (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) मागचा टॅब, ट्रिमची मोटार हलवते ती छोटी पट्टी, वर, हे उलटं असतं. टॅब हळूच, निवांत, खाली गेला. मी तिथेच फरशीवर बसलो.

झालं काय होतं, ट्रिम मोटारीच्या दोन्ही पॉवर वायरी पांढऱ्या, रंगावरून काही कळत नाही, त्या मी उलट्या जोडल्या होत्या. मागच्या वर्षी टेस्ट करताना टॅब उलटा फिरला तेव्हा शेपटीत परत कोण वाकणार म्हणून स्टिकवरच्या स्विचच्या वायरी आपसात बदलल्या. तुमच्या विहिरीवरची मोटार उलटी फिरली की अण्णा स्टार्टरमध्ये दोन फेज बदलायचे ना, तीच सवय! पण इथे स्विच आणि मोटारीच्या मधे सर्व्हो बसलाय आणि ऑटोट्रिम त्याच्यातूनच निघतो. त्याला माझ्या जुगाडाचा पत्ताच नाही. म्हणून हाताने बरोबर, ऑटोमध्ये उलटं.

आता शेपटीतल्या वायरी सरळ केल्या, स्विचच्या पण परत जागेवर, आणि जमिनीवर हाताची आणि ऑटोची, दोन्ही टेस्ट पाच-पाच वेळा केल्या. टॅबशेजारी मास्किंग टेप लावून मार्करने मराठीत लिहिलंय, "खाली = नाक वर". हँगरमधला म्हातारा शेजारी विचारत होता हा कुठला मंत्र म्हणून.

शनिवारी वारा नसेल तर परत ४५०० ला जातो. या वेळी ट्रिमच्या ब्रेकरवर एक बोट ठेवून. अण्णांना सांग पण, हसतील.

तुझा,
पक्या