मैत्री मंडळांच्या बातम्या आधी छापाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भारत-जपान सांस्कृतिक मैत्रीसाठी काम करणाऱ्या मंडळांच्या बातम्या आपल्या पुणे आवृत्तीत अधूनमधून वाचायला मिळतात. त्या छापल्या जातात याबद्दल आपले आभार मानूनच हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार आहे ती या बातम्या कधी येतात आणि त्यात काय असते याविषयी. कार्यक्रम ‘उत्साहात पार पडला’ हे आम्हाला दोन-तीन दिवसांनी कळते. सोबत मान्यवरांची नामावली आणि शाल-श्रीफळ स्वीकारतानाचे छायाचित्र असते. परंतु कार्यक्रम सर्वांना खुला होता की केवळ सभासदांसाठी, प्रवेशिका लागत होती का, आणि यापुढचा कार्यक्रम केव्हा आहे, यातले काहीही त्या मजकुरात सापडत नाही.

तारखा ऐनवेळी ठरतात, अशी सबब येथे चालण्यासारखी नाही. जपानने १८७३ साली ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि तेव्हापासून तिथले बहुतेक सण ठरलेल्या इंग्रजी तारखांना येतात. ३ मार्चला हिनामात्सुरी, ५ मे रोजी बालदिन, ७ जुलैला तानाबाता हा ताऱ्यांचा सण (काही प्रांतांत तो ऑगस्टमध्ये करतात, एवढाच अपवाद). पंचांग पाहण्याचीही गरज नाही. त्यातल्या हिनामात्सुरीची बातमी ५ मार्चला छापून तर काहीच साधत नाही. हा मुलींचा, बाहुल्यांचा सण. लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्यांच्या खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक अशी उतरती मांडणी असते. पूर्ण संच सात पायऱ्यांचा आणि पंधरा बाहुल्यांचा. आपल्याकडे चैत्रगौरीची आरास पाहिलेल्या कोणालाही ती पाहताक्षणी आपलीशी वाटेल. मात्र सण झाला की बाहुल्या लगोलग आवरून ठेवतात, कारण त्या आवरायला उशीर झाला तर घरातल्या मुलीचे लग्न लांबते, असा तिथला समज आहे. म्हणजे बातमी वाचून कोणी उत्सुकतेने चौकशी करायला गेलाच, तर त्याला बंद खोकी पाहून परतावे लागणार.

जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचेही तेच. ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, पुण्यात तिचे केंद्र आहे आणि अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. निकालानंतर गुणवंतांचा सत्कार छापण्याऐवजी (किंवा त्यासोबत तरी) अर्ज सुरू झाल्याचे चार ओळींत छापले, तर ज्यांच्या घरी या विषयाची कोणाला माहिती नाही, अशा मुलामुलींना त्याचा उपयोग होईल.

आता कार्यक्रमांच्या आशयाविषयी. किमोनो नेसून छायाचित्रे, कागदाचे पक्षी आणि पुष्परचना यांना माझा विरोध नाही, पण मैत्रीचे सगळे संचित तेवढ्यातच संपते असे भासू लागले आहे. महाराष्ट्राचे जपानशी असलेले नाते याहून पुष्कळ खोल आहे. निचिदात्सू फुजिई हे जपानी बौद्ध भिक्षू १९३१ साली भारतात आले, १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि पुढे फुजिईंच्या पंथाचा ‘नम म्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायमचा आला. सेवाग्रामला प्रार्थनेला बसलेल्या कितीतरी लोकांनी तो म्हटला असेल. तो कुठून आला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याआधी, १९१७-१८च्या सुमारास, आराई काम्पो हे चित्रकार अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. टोकियोच्या विद्यापीठात जपून ठेवलेल्या त्या प्रतिकृती १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे कितीतरी दशकांनी अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी जपाननेच कर्जसाहाय्य दिले, आणि २०१५ साली जपानमधल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. यांपैकी प्रत्येक विषय एका संध्याकाळच्या व्याख्यानाचा ऐवज आहे, आणि सभागृह मिळाले नाही तरी अडू नये, कारण सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे आपण ज्याला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतो ते, हाताशी आहेच. जपानच्या ओकायामा शहरातील कोराकुएन ही बाग १७०० साली पुरी झाली आणि तिच्याच धर्तीवर हे दहा एकरांचे उद्यान रचलेले आहे. तिथे रोज शेकडो माणसे रंगीत मासे पाहून परततात. ओढ्याचे वळण आणि दगडांची जागा अशीच का, हे सांगणारा एखादा जाणकार महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथे उभा राहिला, तर त्याहून स्वस्त आणि चांगला मैत्री-उपक्रम मला तरी सुचत नाही.

भारत आणि जपान यांच्यातील राजनैतिक संबंध २८ एप्रिल १९५२ रोजी प्रस्थापित झाले. त्याला २०२७ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या वर्षी समारंभांची झुंबड उडणार आणि सगळी मंडळे एकाच आठवड्यात एकमेकांच्या कार्यक्रमांवर कार्यक्रम ठेवणार, हे आजच दिसते आहे. त्यांनी आतापासून एकत्र बसून वर्षभराचे वेळापत्रक आखले आणि आपण ते एकदा पूर्ण, मग दरमहा थोडेथोडे प्रसिद्ध केले, तर वाचकांची मोठी सोय होईल.

मंडळांनाही एक विनंती आहे. निमंत्रणे इंग्रजी आणि जपानीत असतात, मराठीत क्वचितच. ती मराठीतही काढावीत आणि कार्यक्रमाच्या किमान आठ दिवस आधी दैनिकांकडे पाठवावीत. आपणही शहरातील कार्यक्रमांच्या सदरात अशा मंडळांसाठी आठवड्यातून एकदा जागा राखावी. स्थळ, वेळ, प्रवेशाची अट आणि चौकशीसाठी दूरध्वनी क्रमांक एवढे पुरे आहे. जागा कमी पडल्यास सत्काराचे छायाचित्र वगळले तरी आम्हा वाचकांची हरकत नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
पुणे