जलनेतीचं पाणी उकळलेलंच हवं

रविवारच्या पुरवणीतला सायनसवरच्या घरगुती उपायांचा लेख वाचला, जलनेतीबद्दल (म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढणं) जे लिहिलंय ते पटलं पण 'नळाचं कोमट पाणी घ्या' हे वाक्य मात्र खटकलं. मी स्वतः सायनसचा जुना पेशंट, १२ आठवड्यांच्या वर नाक चोंदलेलं राहिलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात, माझं तर वर्षानुवर्षं चाललंय (वाकून बुटाची नाडी बांधली तरी कपाळ ठणकतं), आणि रोज नेती केल्यानं खरंच आराम पडतो, ती बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण पाणी नुसतं कोमट करून चालत नाही, ते खळखळ उकळून मग गार केलेलं पाहिजे. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीसाठी नळाचं पाणी वापरलेले दोघं मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या संसर्गाने गेले. गंमत म्हणजे तेच पाणी प्यायलं तर हा अमीबा काही करत नाही, नाकातून वर गेला की थेट मेंदूत पोचतो. असं क्वचितच होतं, मान्य, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. तेव्हा पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापाच.

– एक वाचक, पुणे