भूत जोलोकिया लावायला आणि खायला शिकवणाऱ्या वहिनींना

वहिनी, सप्रेम नमस्कार.

यंदाच्या भूत जोलोकियाचा शेवटचा तोडा झाला. मिरच्या वाटायला गेलो की जो तो विचारतो, आसामची ही मिरची साताऱ्यात गच्चीवर आली कशी? मी प्रत्येकाला तुमचं नाव सांगतो. तरी मन भरत नाही, म्हणून सगळ्यांसमोर हे आभार.

दादा मिलिट्रीतून रिटायर झाले आणि तुम्ही आमच्या गल्लीत राहायला आलात, तेव्हा मला या मिरचीचे फक्त आकडे ठाऊक होते. 2007 साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली, 10,01,304 स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). पुढे इतर मिरच्यांनी तिला मागे टाकलं. 2023 पासून तो मान अमेरिकेतल्या पेपर एक्सकडे आहे, 26,93,000. मी हे उत्साहानं सांगत होतो आणि तुम्ही म्हणालात, "भाऊजी, आमच्याकडे एक मिरची अख्ख्या घराला पुरते. वास घेऊन बघितलात का कधी?" बघितला नव्हता. तुम्ही बरणी उघडलीत. मोहरीचं तेल, आंबवलेले बांबूचे कोंब म्हणजे तुमचं खोरिसा, आणि त्यात ती सुरकुतलेली लाल मिरची. तिखटाआधी पिकल्या फळाचा दरवळ आला. लवंगी मिरचीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला मिरचीत असा वास असतो हेच नवीन होतं.

बी तुम्ही माहेरून आणून दिलंत, आणि पेरल्यावर मला धीर धरायला लावलात. आपली मिरची आठ-दहा दिवसांत मातीवर येते. ही महिनाभरही घेते. तुम्ही ट्रे उबेला, ओलसर झाकून ठेवायला सांगितलात आणि माती उकरून बघायची नाही अशी ताकीद दिलीत. रोपं मोठी झाल्यावर एप्रिल-मेच्या उन्हात फूल गळायला लागलं, तेव्हा हिरवी जाळी बांधायला दादांना घेऊन तुम्ही स्वतः गच्चीवर आलात. ही मिरची मूळची दमट हवेतली, आसाम, नागालँड, मणिपूरची. नागालँडात तिला राजा मिरचा म्हणतात, मणिपूरला उ-मोरोक. आपला कोरडा उन्हाळा तिला सोसत नाही.

सगळ्यात मोठं शिक्षण बोकड्याचं, म्हणजे पानं चुरडण्याच्या रोगाचं. पानं चुरडली की लोक दिसेल ते औषध मारतात. तुम्ही मला पान हातात धरून दाखवलंत. कडा वर वळून वाटी झाली तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी ही बारीक कीड. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं निंबोळी अर्क. कोळी असेल तर गंधक, तेही ऊन कमी असताना. एवढ्या एका ओळखीवर माझी झाडं टिकली. गल्लीतल्या आणखी दोघांच्या वांग्या-मिरच्याही मी त्यानंच वाचवल्या. हे श्रेय तुमचंच.

बियाण्यासाठी एका फांदीवर कळ्या असतानाच मलमलची पिशवी बांधायची, हेही तुमचंच सांगणं. शेजारच्या कुंडीतल्या मिरचीचा पराग लागला तर यंदाचं फळ तसंच दिसतं, पण पुढच्या वर्षीचं रोप भलतंच निघतं. त्या पिशवीमुळे तुमच्या अंगणातला वाण आज इथं तसाच आहे.

आता खाण्याबद्दल. आपण समजतो की बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढल्या की मिरची सौम्य होते. साध्या मिरचीत ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण तिखटपणा देणारं कॅप्सायसिन त्या शिरांमध्येच तयार होतं. अतितिखट मिरच्यांच्या गराच्या भिंतीवरही त्याच्या पिशव्या असतात, त्यामुळे शिरा काढूनही धार जात नाही. म्हणून नखाएवढा तुकडा, तोही आधी तेलात. हाताला आधी तेल, मग हातमोजे. फोडणीच्या वेळी खिडक्या उघड्या आणि लेकरं बाहेर. जीभ पेटली तर पाणी नको, घट्ट दही. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून नेतं. खरं तर तोंड भाजलेलं नसतंच. उष्णता ओळखणारा जो ग्राहक (रिसेप्टर) नसेवर असतो, तोच कॅप्सायसिननं उघडतो. डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल याच शोधासाठी मिळालं.

माझ्या पुतण्यानं मित्रांसमोर अख्खी मिरची चावायची पैज लावली होती, तेव्हा तुम्ही त्याला समोर बसवून जे सांगितलंत त्यासाठी आमचं सगळं घर तुमचं ऋणी आहे. अमेरिकेत एका माणसानं स्पर्धेत कॅरोलिना रीपर ही अतितिखट मिरची खाल्ली आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून त्याचं डोकं असह्य दुखायला लागलं. 2018 मध्ये डॉक्टरांनी ते वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलंय. ते तुम्ही त्याला घाबरवायला सांगितलं नाहीत. "पैजेसाठी चावलीस तर चव कळायच्या आत जीभ बधिर होईल, मग एवढं झाड वाढवलं कशाला?" असं विचारलंत. पोरगा आता भाकरीबरोबर नेमका तुकडा खातो आणि शेंगदाण्याच्या खर्ड्यात किती घालायची ते मला सांगतो.

तुमच्या त्या खर्ड्याबद्दलही आभार. लसूण, दाणे, मीठ आपलं. मिरची तुमची, फक्त एक. आमच्या आईनं एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या हातचा खर्डा मागून घेतलेला मी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षीची रोपं जानेवारीत टाकतो आहे. ज्यांनी मागितली आहेत त्यांना देईन, पण तुमच्या अटींवर: झाड पैजेसाठी लावायचं नाही, आणि मलमलची पिशवी बांधायची. आणि एक काम तुमच्याकडे. पावसाळ्यात जावळीकडून कळकाचे कोंब आणतो, खोरिसा कसं आंबवायचं ते यंदा आईला शिकवा. तिनं तुम्हाला विचारायला सांगितलंय.

तुमचा,
शेजारचा भाऊजी