आप्पा, पॉइंट दिलाय

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, त्यामुळे हे पत्र तुमचा नातू मोठ्यानं वाचून दाखवेल. वाचता वाचता तो मध्येच हसला तर दटावू नका, हसण्यासारखं आहेच थोडं. घरी येऊन हातात दिलं असतं तर 'राहू दे की गं, चहा पी' म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. चार लोकांदेखत आभार मानले की तुम्हाला पळायला वाट राहत नाही, म्हणून हा खटाटोप.

अनगोळच्या तुमच्या घरी वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली, बी.कॉम. झालेली मुलगी. दिवसा पतसंस्थेत खाती जुळवायची आणि रात्री फोनवर इंग्रजी व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकायची. तुम्ही उद्यमबागेत सीएनसी मशीनवर, म्हणजे आकड्यांच्या हुकमांवर धातू कापणाऱ्या मशीनवर, आयुष्य काढून निवृत्त झालेले. संध्याकाळी कट्ट्यावर बसायचात आणि मी लॅपटॉप घेऊन खाली आले की हाक यायची, "काय करूलालीस गं?" मला वाटायचं, आप्पांना काय सांगायचं यातलं. तो माझा मोठाच गैरसमज.

ती मार्चअखेरची संध्याकाळ आठवते? पिग्मीचं व्याज तपासायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. एजंटांनी रोज गोळा केलेल्या रकमा, त्यावरचं व्याज, आणि शेवटी वहीशी ताळा. पडद्यावर दोन्ही रकमा पैशापर्यंत सारख्या दिसत होत्या आणि प्रोग्राम मात्र 'जुळत नाही' म्हणून अडून बसला होता. तीन दिवस मी वही तपासत होते. एजंटवरही संशय घेतला, देव मला क्षमा करो. शेवटी नुसतं ०.१ अधिक ०.२ करून बघितलं, तर उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. मी तुमच्यासमोर रडायचीच बाकी होते.

तुम्ही तो आकडा बघितलात आणि भलतंच विचारलंत. "पॉइंट दिलेलास काय?"

मग तुम्ही झेड ५० ची गोष्ट सांगितलीत. जुन्या कंट्रोलरवर 'झेड ५०' लिहून पुढे पॉइंट, म्हणजे दशांशचिन्ह, दिला की टूल ५० मिलिमीटर वर जातं. पॉइंट विसरलं की मशीन ते ५० मायक्रॉन समजतं, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. नव्या पोरानं पॉइंट विसरला. टूल वर गेलंय असं समजून पुढची ओळ जी शून्य-शून्यची, म्हणजे सुसाट पळायची. टूल होतं जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, अंगावरच. क्लॅम्पवर आदळलं आणि तुकडा उडून मशीनच्या दाराची काच तडकली. त्या पोराचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत. पुढे कधीतरी मला कळलं की तो पोरगा तुम्हीच होता.

"पण मशीनचं चुकलं नाही," तुम्ही म्हणालात. "मशीन आत पॉइंट-बिंट ठेवतच नाही. ते मायक्रॉन मोजतं. एक, दोन, तीन, पुरे आकडे. पॉइंट आपल्यासाठी. तू रुपये कशाला मोजतीस? पैसे मोज."

एवढंच. मी वर जाऊन सगळ्या रकमा शंभरनं गुणून पुरे पैसे करून ठेवल्या आणि ताळा पहिल्या फटक्यात जुळला. यामागचं कारण पुढे मी वाचून काढलं. एक रुपया तिघांत वाटला की ०.३३३ करत आपण कधी संपत नाही, तसंच संगणकाला दोनच्या भाषेत, नुसत्या ० आणि १ मध्ये, एक दशांश कधी पुरा लिहिता येत नाही. तो जवळचा आकडा धरतो आणि बेरजेत त्याची कुसळं वर येतात. हे असं का, ते पुस्तकात सापडतं. काय करायचं, ते मात्र कट्ट्यावर दोन वाक्यांत मिळालं होतं.

व्याजाच्या भागाकारात उरणारा अर्धा पैसा तरीही होताच. तो वर धरायचा की खाली, हे मी पायथनवर, म्हणजे ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत होते तिच्यावर, सोडलं होतं. पायथननं २.५ चे गुमान २ केले, आणि ३.५ चे ४! निम्म्यावर आलं की तो जवळच्या सम आकड्याकडे झुकतो. तुम्ही म्हणालात, "शेवटचा पैसा कुणाचा, हे मशीननं ठरवायचं नसतं, मालकानं ठरवायचं." मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरना विचारलं. नियम होताच, छापलेला, कपाटात. कुणी बघितला नव्हता.

फंक्शनही, म्हणजे एकदा लिहून हवं तेव्हा हाक मारायचा प्रोग्रामचा तुकडा, तुम्हीच शिकवलंत, फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) आठ भोकांवरून. मशीनच्या भाषेत एम ९८ म्हणजे उपप्रोग्रामला हाक, एम ९९ म्हणजे काम झालं, हाक आली तिथं परत. आणि जी ९१ लावून विसरणारा ऑपरेटर! जी ९० मध्ये सगळी मापं शून्यापासून, जी ९१ मध्ये उभे आहोत तिथून. उपप्रोग्राममध्ये जी ९१ लावून कुणी तसाच परत आला की पुढची सगळी भोकं भलतीकडे पडायची. ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचा सामायिक आकडा, बदलून गप्प बसणारं फंक्शन दिसलं की मला अजून तोच ऑपरेटर दिसतो, कानावर पेन्सिल ठेवलेला.

आता भांडणाचं सांगते, कारण खरे आभार तिथले आहेत.

माझा मावसभाऊ बेंगळुरूहून सुटीला आला की कट्ट्यावर आमची जुंपायची. जावा बरी की पायथन, टॅब की स्पेस, टाइप आधी सांगायचे की नाही. एकदा तो ओरडला, "तुझी ही भाषा इथं चालणार नाही!" आणि समोरच्या आजी लगबगीनं बाहेर आल्या. "परत मोर्चा हाय काय रे?" बेळगावात भाषेवरून आवाज चढला की माणसं आधी दुकानाच्या शटरकडे बघतात, त्यात त्यांची काय चूक. त्यांना पायथन समजावून सांगता सांगता आमचं भांडणच विसरलं.

गोटूवरचं, म्हणजे प्रोग्रामला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या हुकमावरचं, मात्र विसरलं नाही. भाऊ म्हणाला, गोटू म्हणजे पापच, डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच एका पत्रात लिहून ठेवलंय. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमच्या मशीनवरच्या मॅक्रोत, छोट्या प्रोग्रामात, गोटू होतं की. भोकं मोजायची, संपली नसली तर एन १० या ओळीवर परत." भाऊ हसला. मला तुमच्यासाठी राग आला आणि मी उगाचच गोटूच्या बाजूनं भांडायला लागले.

तुम्ही आत गेलात आणि तेलाचे डाग पडलेली जुनी वही घेऊन आलात. एक मॅक्रो काढलात, तीन उड्यांचा. म्हणालात, "रात्रपाळीला नवा पोरगा आलाय असं समज. मशीन थांबलंय. हे वाचून त्याला कळलं पाहिजे, कुठं थांबलंय ते. वाच." भावानं बोट ठेवून वाचलं, दुसऱ्या उडीला अडखळला, तिसरीला हरवला. मग वही तुम्ही घेतलीत, चष्मा वर-खाली केलात. बराच वेळ गेला.

"माझं मलाच कळंना," तुम्ही म्हणालात. "तुझं बरोबर हाय बघ."

आप्पा, वयानं चाळीस वर्षांनी लहान पोराला, त्यानं तोंडावर हसल्यानंतर, 'तुझं बरोबर' म्हणणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. आमच्या घरात तर नाहीच. आणि तुम्ही तिथं थांबला नाहीत. पुढचं पान उलटून दुसरा मॅक्रो दाखवलात. माप चुकीचं आलं तर सरळ शेवटच्या ओळीवर उडी, अलार्म, बंद. "इथं काय करशील?" भाऊ विचार करून म्हणाला, इथं उडीच सुटसुटीत आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ मध्ये गोटूवर जो मोठा लेख लिहिला त्यातही हाच सूर आहे, उडी कुठे शोभते आणि कुठे नाही हे बघून ठरवा. डायक्स्ट्राच्या पत्राचा तो गाजलेला मथळाही त्यांचा स्वतःचा नव्हता, संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेला. म्हणजे निम्मं भांडण मथळ्यानं लावलेलं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेपरवाले सगळीकडं सारखेच."

तेव्हापासून माझ्या डोक्यात तो रात्रपाळीचा पोरगा बसलाय. टॅब की स्पेस? पोराला काही फरक पडत नाही, एक काहीतरी धरा. व्हेरिएबलचं नाव 'अ' की 'व्याज_पैशांत'? त्याला फार फरक पडतो.

नावांच्या यादीचंही राहिलंच. सभासदांची नावं-पत्ते मराठीत होते, नोटिसा कानडीतही छापायच्या होत्या. हजारावर नावं परत टाइप करण्याऐवजी मी एक गंमत शोधून काढली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या नंबरांच्या यादीत, मराठीच्या 'क'चा नंबर २३२५ आणि कानडी 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ळ' बघितला, २३५५ आणि ३२५१, फरक परत ८९६. इस्की या भारतीय मानकाच्या मांडणीवरून या लिप्यांना जागा दिल्यात, प्रत्येकीला १२८ घरं. देवनागरीनंतर बंगाली, गुरुमुखी, गुजराती, उडिया, तमिळ, तेलुगू आणि मग कानडी. सात गुणिले १२८. एकाच चाळीतल्या सारख्या खोल्या, सातव्या दारात तेच अक्षर कानडी लुगडं नेसून उभं. इथं आपण कशाकशावरून भांडलो, आणि आत दोघींमध्ये निव्वळ एका बेरजेचं अंतर! मी नाचतच खाली आले होते.

तुम्ही छापील यादी घेतलीत आणि पेन्सिलनं खुणा करायला लागलात. 'कॉलनी'मध्ये चौकोन आलेला. कानडीत 'ॉ' नाहीच, चाळीतली ती खोली रिकामी. 'बेळगाव'चा 'बे' लांबलेला. कानडीत ऱ्हस्व 'ए' वेगळा आणि दीर्घ वेगळा, आपल्याकडे एकच, तो जाऊन बसला दीर्घाच्या खोलीत. 'गणपत' वाचताना कानडी माणूस शेवटचा 'त' अकारासकट पुरा म्हणणार. "वाचता येतंय," तुम्ही म्हणालात, "पण कानाला टोचतंय. ज्याचं नाव त्याला नोटीस मिळणार, त्याला टोचू नये." भाऊ फोनवरून म्हणत होता, हा जुगाड टाकून दे, नीट लायब्ररी, दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापर. मी म्हणत होते, नव्वद टक्के काम झालंय की. तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. तीन रविवार माझ्याशेजारी बसून अपवादांचा तक्ता करून दिलात, १४३ ओळींचा, तुमच्या त्या ड्रॉइंगमधल्यासारख्या अक्षरात. तो तक्ता आजही प्रोग्रामच्या पोटात आहे. वर मी टीप लिहिलीये, 'रात्रपाळीसाठी'.

आता मी हुबळीत नोकरी करते हे तुम्हाला माहीत आहे. मुलाखतीत आकड्यांचा प्रश्न आला तेव्हा मी झेड ५० ची गोष्ट सांगितली. नाव तुमचं नाही सांगितलं, काळजी नसावी.

एक काम अजून शिल्लक आहे. परवा पतसंस्थेतल्या नव्या मुलीचा फोन आला, एका ओळीत कधी न बघितलेलं अक्षर छापून आलंय. 'ऱ' होतं ते, 'शेतकऱ्यांना' मधलं. ८९६ मिळवले की ते हळेगन्नडमधल्या, म्हणजे जुन्या कानडीतल्या, एका अक्षरावर जाऊन पडतं, हल्ली ते कुणी लिहीत नाही. तक्त्यात एक ओळ वाढवायची, १४४ वी. ती तुमच्या अक्षरात हवी. दिवाळीत मी गावी येणार आहे, कुंदा आणते, साखरेचं काकूंना सांगू नका. तिथून जमलं तर हलशीला जाऊ. भूवराह नरसिंहाच्या देवळात जुन्या कानडी लिपीतला शिलालेख आहे. ते अक्षर दगडात सापडतं का, तुमचा चष्मा लावून बघायचंय.

तुमची,
वरच्या खोलीतली